टीव्हीवरच्या क्रीडा बातम्या: वैतागलेल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वृत्तवाहिन्यांवर खेळाच्या बातम्या पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न मुळातच सभ्य भाषेत होते, काही मी सभ्य करून घेतले. टीका करताना कुठल्याही एका चॅनलचं नाव घेतलेलं नाही. रिमोट फिरवून पाहिलंत तर नाव घेण्याची गरज का वाटली नाही, तेही कळेल.

बातमी भारत जिंकल्याची असते. मग पडद्यावर सामन्याऐवजी विमानतळावरून बाहेर पडणारे खेळाडू का दिसतात?

कारण सामन्याची दृश्यं चॅनलच्या मालकीची नसतात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क एकूण ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातले भारतातल्या टीव्हीचेच २३,५७५ कोटी. भारतात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचे हक्क २०२३ मध्ये ५,९६३ कोटींना गेले. एवढी रक्कम मोजणारा माणूस रोहितचा षटकार तुम्हाला संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये फुकट का दाखवू देईल?

कायदा बातमीदाराच्या अगदीच विरोधात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याच्या प्रक्षेपणातला थोडा भाग वापरायची मुभा आहे, वापर वाजवी असला पाहिजे एवढीच अट. पण वाजवी म्हणजे किती सेकंद, हे कायद्यात लिहिलेलं नाही. हक्कधारक कंपन्या आणि वृत्तवाहिन्या यावरून दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या आहेत. साध्या बातमीत विकेट पडतानाचा तुकडा दाखवणं वेगळं, आणि त्याच तुकड्यांवर अर्ध्या तासाचा प्रायोजित कार्यक्रम उभारणं वेगळं. या दोन टोकांच्या मधल्या जागेत वकिलांची फी वाढत जाते. मोठ्या समूहाचं चॅनल तो धोका पत्करतं. बेताच्या बजेटचं मराठी चॅनल पत्करत नाही.

मग उरतं काय? विमानतळ, हॉटेलचं दार, बसमध्ये चढणारे खेळाडू, सरावाची जाळी, चौकात नाचणारी पोरं आणि सहा छायाचित्रं. तीच सहा छायाचित्रं जवळ आणून, लांब नेऊन, मागे ढोल वाजवून तीन मिनिटं फिरवली जातात. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांमध्ये तर नियम आणखी कडक असतात.

एवढं समजून घेतलं की चॅनलबद्दल थोडी सहानुभूती वाटू लागते. तिसऱ्या प्रश्नापर्यंत ती टिकवून ठेवा.

दृश्यं नाहीत, तर मग अर्धा-अर्धा तास कार्यक्रम चालतो कशावर?

बोलण्यावर. पडद्यावर चार चौकटी करायच्या. एकीत अँकर, दुसरीत मुंबईतल्या स्वतःच्या दिवाणखान्यातून व्हिडिओ कॉलवर आलेले माजी रणजीपटू, तिसरीत स्टेडियमबाहेर उभा असलेला प्रतिनिधी आणि चौथीत तीच सहा छायाचित्रं. यात सर्वांत स्वस्त काय पडतं, तर बोलणं. रात्रीच्या राजकीय चर्चेचा साचा तयारच असतो, त्यात फक्त माणसं बदलायची. दोन वक्त्यांचं एकमत झालं तर अँकरची अडचण होते, म्हणून एकाला ‘विराटला वगळा’ आणि दुसऱ्याला ‘ठेवा’ अशी बाजू वाटून दिलेली असते. माजी खेळाडू बिचारे सभ्य असतात. ‘दोघंही चांगले आहेत’ म्हणतात आणि मग बराच वेळ त्यांच्याकडे कोणी वळत नाही.

क्रिकेट सोडून दुसरं काही का दाखवत नाहीत?

नेहमीचं उत्तर असं: लोकांना क्रिकेटच हवं असतं आणि क्रिकेटलाच जाहिरात मिळते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण उत्तर नव्हे. वर पाहिलं की क्रिकेटची दृश्यं महाग आहेत आणि त्यांना हात लावायची चोरी आहे. याउलट खो-खो, कुस्ती, शाळा-कॉलेजची मैदानं, राज्य अजिंक्यपद स्पर्धा इथे बहुतेक वेळा कॅमेरा घेऊन जायला कोणी अडवत नाही. उलट आयोजक हारतुरे घेऊन उभे असतात. म्हणजे जिथे चित्रं मिळत नाहीत त्या खेळावर चॅनल दिवसभर बोलतं, आणि जिथे हवी तितकी चित्रं फुकट मिळतात तिथे कॅमेराच जात नाही. माझी या सगळ्यावरची मुख्य तक्रार हीच आहे. बाकीच्या तक्रारी हिच्यातूनच निघतात.

उदाहरणं हवीत? ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये तिरंदाजीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड, म्हणजे पुली असलेल्या धनुष्याच्या प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. दोघंही साताऱ्यातल्या एकाच अकादमीत घडलेले. एखाद्या लहान शहरातल्या एका मैदानातून एकाच दिवशी दोन विश्वविजेते निघतात, याहून मोठी क्रीडा बातमी महाराष्ट्राला वर्षातून किती वेळा मिळते? साताऱ्याचं ते मैदान पुण्यापासून गाडीने दोन-तीन तासांवर आहे. तिथे जाऊन धनुष्याची पुली कशी फिरते, पन्नास मीटरवरचं लक्ष्य डोळ्याला किती दिसतं, वारा आला की तिरंदाज काय करतो, हे दाखवायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आपल्याला काय दिसलं? सत्काराची शाल, आणि शाल घालणारे पालकमंत्री.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतीय संघ नेपाळला हरवून जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळात दृश्यांची सबबही चालत नाही. पट ग्राफिक्समध्ये मांडता येतो आणि एखादा प्रशिक्षक शेजारी बसवून निर्णायक डाव दहा मिनिटांत समजावता येतो. आपण मात्र आईच्या डोळ्यातलं पाणी पाहिलं. ते खरं होतं आणि सुंदरही होतं. पण डाव?

निदान क्रिकेट तरी नीट दाखवतात का?

नाही. मार्च २०२४ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांच्यात झाला. अंतिम सामन्यात दोन्ही संघ याच राज्यातले. विदर्भासमोर ५३८ धावांचं आव्हान होतं. ते पाचव्या दिवसापर्यंत झुंजले, कर्णधार अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि मुंबईने १६९ धावांनी जिंकून ४२ वा करंडक घेतला. त्या आठवड्यात तुमच्या चॅनलवर काय चाललं होतं ते आठवून पाहा. हार्दिकला मुंबई इंडियन्सचा कर्णधार केल्यावर रोहित नाराज आहे का, यावरची चर्चा आठवेल. पुढच्या वर्षी विदर्भाने नागपुरात तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हाही फार वेगळं घडलं नाही.

तेव्हा ‘क्रिकेटला प्राधान्य’ ही चॅनलांची बाजू मला मान्य नाही. प्राधान्य आहे ते पाच-सहा चेहऱ्यांना.

लोकांना हेच आवडतं म्हणतात. मला तर कोणी कधी विचारलं नाही. टीआरपी ठरते कशी?

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क नावाच्या संस्थेने देशभरात साधारण ५०-६० हजार घरांमध्ये मीटर बसवले आहेत. तुमच्या घरी मीटर नसेल, आणि तो नसण्याचीच शक्यता प्रचंड आहे, तर तुम्ही काय पाहिलं हे आकड्यात थेट उतरत नाही. नमुन्यावरून अंदाज काढायची पद्धत चुकीची नाही, पण मराठी वृत्तवाहिन्या पाहणारे देशाच्या मानाने थोडे, त्यात खेळाचं बुलेटिन पाहणारे आणखी थोडे. इतक्या बारीक फांदीवर आकडा डोलू लागतो. २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचा मुंबई पोलिसांनी तपास सुरू केल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून बातम्यांसाठी चार आठवड्यांची सरासरी दिली जाते.

आता या सरासरीत खो-खोवरच्या एका चांगल्या अर्ध्या तासाचं काय होणार? काही नाही. तो विरघळून जातो. रोज ठरावीक वेळी, वर्षभर दाखवलं तरच फरक दिसेल, आणि वर्षभर धीर धरायला कोणी तयार नाही. शिवाय सेट टॉप बॉक्स चालू केल्या-केल्या जे चॅनल आपोआप उघडतं, त्या जागेसाठी चॅनलं केबलवाल्यांना पैसे मोजत आली आहेत. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत प्रेक्षक झालेले असता.

प्रत्येक चॅनलकडे क्रीडा प्रतिनिधी असतो ना? तो करतो काय?

असतो, पण बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन, तेही मुंबईत. जिल्ह्याजिल्ह्यांत जो माणूस असतो तो स्ट्रिंगर. त्याला बातमीमागे पैसे मिळतात. अपघात, मोर्चा, बिबट्या, पालकमंत्र्यांचा दौरा आणि त्यातूनच वेळ मिळाला तर जिल्हास्तरीय कबड्डी. बिबट्याची बातमी लागते, कबड्डीची लागेल याची खात्री नसते. पेट्रोल मात्र दोन्हीकडे सारखंच लागतं. त्याने कुठे जावं असं तुम्हाला वाटतं?

मुंबईतल्या क्रीडा डेस्कवरच्या मुलांना दोष देणं सोपं आहे. त्यातली बरीच मनापासून खेळ जाणणारी असतात. पण सकाळी अकरा वाजता रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम ठरतो आणि त्यात खेळाला जागा कुठे, तर हवामानाच्या आधी. अधिवेशन सुरू असेल, कोणी पक्ष सोडला असेल किंवा कोणी कोणाला भेटायला बंद दाराआड गेला असेल, तर सर्वांत आधी कात्री चालते ती खेळाच्या अर्ध्या तासावर. या राज्यात कोणी ना कोणी बंद दाराआड असतंच.

वाद झाला की दिवसभर दाखवतात, पण नेमका नियम काय आहे हे कोणीच का सांगत नाही?

हा मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि रागाने विचारलेला.

७ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. दिवसभर षड्यंत्र, अश्रू, राजकारण, केस कापले की नाही, सगळं झालं. नियम दोन वाक्यांचा होता. लढती दोन दिवस चालतात तेव्हा दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं, आणि दुसऱ्या दिवशी जो मल्ल वजनात बसत नाही तो संपूर्ण स्पर्धेतून बाद होऊन यादीत शेवटी जातो, आदल्या दिवशी तिन्ही लढती जिंकल्या असल्या तरी. हे कळलं असतं तर खरा वाद काय आहे तेही कळलं असतं: आदल्या दिवशी वजनात बसून कमावलेलं रौप्य तरी का जावं? क्रीडा लवादासमोर, म्हणजे खेळातले तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठासमोर, हाच मुद्दा होता, आणि १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला गेला. लवाद म्हणजे काय, हेही अनेकांना त्याच दिवशी पट्टीवर वाचून कळलं.

त्याच्या आदल्या वर्षीचं हांगझोऊ. आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावत चढाईला गेला, कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या पट्ट्यात, म्हणजे लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने मागोमाग गेलेले बचावपटूही बाद. नव्या नियमाने फक्त चढाईवाला बाद, बाकी काही नाही. यावर खेळ बराच वेळ थांबला, निर्णय पुन्हा-पुन्हा बदलले आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. कबड्डी म्हणजे आपल्या मातीतला खेळ, असं आपण भाषणात सांगतो. मराठी प्रेक्षकाला लॉबीचा नियम समजावून सांगायला एक मैदानाची आकृती आणि एक जुना खेळाडू पुरला असता. परळ, लालबागमध्ये असे खेळाडू गल्लीगणिक सापडतील. आपल्याला दिसली ती पट्टी: ‘मैदानात मोठा राडा’.

तिसरं उदाहरण तर घरचंच. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी (मॅट) विभागाच्या लढतीत चीतपटीचा निर्णय गेला म्हणून एका नावाजलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीतही दुसरा मल्ल मैदान सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ केसरी ठरला आणि त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं दृश्य लाल गोल काढून, संथ करून, उलटं फिरवून दाखवलं गेलं. पण लाथ हा वाद नव्हता, लाथ हा गुन्हा होता. वाद होता तो दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले का, यावर. चीतपट केव्हा मानतात, मैदानातल्या पंचाने हात उचलल्यावर बाहेर बसलेल्या पंचांची संमती का लागते, चित्रफीत पाहून दाद मागायची सोय कधी असते, हे कुठल्या चॅनलने निवांत समजावलं? आणि इथे तर हक्कांची अडचणही नव्हती. कॅमेरे आखाड्याच्या कडेलाच लागले होते. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या तालमींत निवृत्त वस्ताद बसलेले असतात. एका दृष्टिक्षेपात ते सांगतात, हा ढाक होता की कलाजंग, पकड कुठे सुटली, खांदा टेकला की नाही. त्यांना फोन लावायला चॅनलला वेळ मिळाला नाही, पण मल्लाच्या गावातल्या पारावर जाऊन ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारायला मिळाला.

याचं कारण साधं आहे. नियम समजावायला आधी तो बातमीदाराला समजावा लागतो, आणि त्यासाठी वाद नसताना, ऐन उन्हात, चार स्पर्धा बसून पाहिलेल्या असाव्या लागतात.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी ज्योतिषी आणि होमहवन कशाला?

सकाळी सात ते संध्याकाळी सात हे बारा तास भरायला. यज्ञ करणारे चॅनलला आधी कळवतात, चॅनल कॅमेरा पाठवतं, कॅमेरा आला म्हणून यज्ञ होतो. ग्रहमानावरून टॉस सांगणाऱ्या पंडितांचा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी त्यांना जाब विचारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फलंदाजाला दोनदा शून्यावर बाद झाल्यावर जेवढा जाब विचारतात, त्याच्या निम्मा पुरे.

महिलांच्या खेळाला आता तरी बरी जागा मिळते का?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीपुरतं म्हणाल तर हो. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्याआधी तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या होत्या. प्रशिक्षक अमोल मुजुमदार, ज्याने मुंबईसाठी धावांच्या राशी घातल्या पण भारताची कसोटी टोपी कधी घातली नाही. मराठी चॅनलना याहून घरची गोष्ट कुठे मिळणार होती? काही दिवस सगळं छान चाललं. चांगली वार्तांकनंही झाली, मुजुमदारांवर तर खरोखर मनापासून.

मग तीन आठवड्यांत ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, सांगलीला पोहोचल्या. स्मृती मानधनाच्या लग्नासाठी. ते पुढे ढकललं गेल्यावर रुग्णालयाबाहेर, आणि मग दिवसेंदिवस मोबाइलवरच्या पोस्टचे स्क्रीनशॉट. अखेर तिला स्वतःला सांगावं लागलं की आता हे थांबवा. सांगलीतली एक मुलगी भारताची सलामीवीर कशी झाली, कुठल्या खेळपट्टीवर शिकली, आज त्या शहरात किती मुली नेट्समध्ये येतात, हे दाखवायला त्या व्हॅन आधी कधीतरी यायला हव्या होत्या. रस्ता तोच होता.

पॅरा खेळाडूंचं तर विचारूच नका. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य जिंकला. एफ ४६ म्हणजे कोणता गट, हे माझ्या पाहण्यातल्या एकाही बुलेटिनमध्ये सांगितलं नाही. ज्यांच्या हाताला व्यंग आहे अशा खेळाडूंचा तो गट. एवढं एक वाक्य लागलं असतं.

निधनाच्या खोट्या बातम्याही येतात. पडताळणी करत नाहीत का?

ऑगस्ट २०२३ मध्ये झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी जगभर पसरली. सुरुवात झाली त्याच्या जुन्या सहकाऱ्याच्या ट्वीटपासून. काही तासांत त्या सहकाऱ्यानेच स्ट्रीक जिवंत असल्याचं सांगितलं. स्ट्रीक गंभीर आजारी होता, आणि ३ सप्टेंबरला खरोखर गेला. सहकाऱ्याचं ट्वीट हा वरवर विश्वासार्ह वाटणारा स्रोत, हे मान्य. तरी घरच्यांना किंवा मंडळाला विचारायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात शेजारचं चॅनल ‘सर्वात आधी’ म्हणून मोकळं होतं. दुरुस्ती मात्र ‘सर्वात आधी’ दिल्याचा दावा कोणी करत नाही.

बुलेटिनमध्ये बातम्या कमी आणि जाहिराती जास्त वाटतात. मर्यादा नाही का?

नियमात आहे. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटं: १० जाहिरातींची, २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. वृत्तवाहिन्यांनी या मर्यादेला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. शिवाय पडद्याच्या कडेने सरकणारी, स्कोअरच्या खाली चिकटलेली, ‘सादरकर्ते’ म्हणून येणारी जाहिरात तुम्ही घड्याळ लावून मोजणार तरी कशी?

खेळाच्या बाबतीत यापेक्षा गंभीर दुखणं सट्टेबाजीचं. परदेशी सट्ट्याच्या साइट नावापुढे ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्ट्स’ असं शेपूट लावून जाहिराती करत होत्या. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहिन्यांना अशा जाहिरातींविरुद्ध सूचना दिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा झाला, आणि ‘आजची ड्रीम टीम कोणती?’ छापाचे कार्यक्रम एकदम दिसेनासे झाले. इतके दिवस आपण जे क्रीडा विश्लेषण समजून पाहत होतो, त्यातलं किती खरोखर विश्लेषण होतं, हे त्यावरून ओळखा.

दूरदर्शनवर सगळे सामने फुकट दिसायला हवेत ना?

सगळे नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसारभारतीला द्यावं लागतं आणि त्यावरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा हक्कधारकाला, २५ टक्के प्रसारभारतीला जातो. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते प्रक्षेपण अँटेनावर आणि डीडी फ्री डिशवरच दिसेल, खासगी केबल किंवा डीटीएचवरून नाही. म्हणून महागडा डीटीएच घेतलेल्या घरात दूरदर्शन लावलं की सामन्याच्या वेळी दुसरंच काही चालू असतं, आणि गावाकडे पत्र्यावर छत्री लावलेल्या काकांकडे सामना दिसतो.

तक्रार केली तर उपयोग होतो का? कुठे करायची?

दर्जाची तक्रार कुठेच चालत नाही. ‘कार्यक्रम कंटाळवाणा होता’, ‘कबड्डी दाखवली नाही’ यावर दाद मागता येत नाही, आणि मागता येऊही नये. उद्या कोणीतरी सरकारी माणूस ठरवेल काय दाखवायचं ते. पण चुकीची माहिती, खासगीपणावर घाला, जात-धर्मावरून भडकावणं, अत्याचाराच्या प्रकरणातल्या अल्पवयीन खेळाडूची ओळख उघड करणं, सट्ट्याची जाहिरात, यावर तक्रार होते.

पहिली पायरी म्हणजे चॅनलचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचं नाव आणि ईमेल चॅनलच्या वेबसाइटवर द्यावं लागतं, बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनल ज्या स्वनियामक संस्थेचं सदस्य आहे तिच्याकडे जायचं. अनेक मोठ्या वृत्तवाहिन्यांसाठी ती एनबीडीएसए, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्या संघटनेनेच उभारलेलं तक्रारींचं प्राधिकरण. निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात, आणि माफी दाखवायला लावणं, दंड करणं, वेबसाइटवरून चित्रफीत काढायला सांगणं हे ती करू शकते. सगळी चॅनलं तिची सदस्य नाहीत, म्हणून आधी ते तपासा. त्याच्याही वर मंत्रालयाची पायरी आहे.

तक्रार प्रसारणानंतर आठवड्याच्या आत करा. चॅनल, तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, नेमकं वाक्य आणि ते का चूक आहे, एवढं लिहा. मोबाइलवर पडद्याचं चित्रण करून ठेवा, कारण यूट्यूबवरचा तुकडा रात्रीतून गायब होतो. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी तक्रारीत घालू नका.

मग सध्या खेळाच्या बातम्यांसाठी पाहावं काय?

निकाल आणि आकड्यांसाठी वर्तमानपत्राचं क्रीडा पान अजून टीव्हीच्या पुढे आहे, विशेषतः जिल्हा आवृत्तीचं. बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धा जागतिक महासंघाच्या यूट्यूबवर फुकट दिसतात, समालोचनासकट. अनेक खेळांचे महासंघ आता स्वतःच थेट प्रक्षेपण करतात, चित्र कधीकधी थरथरतं, पण खेळ दिसतो.

कुस्तीसाठी मात्र यूट्यूबच गाठा. पश्चिम महाराष्ट्रातली यात्रांची मैदानं तिथे थेट दाखवणारी कितीतरी लहान चॅनलं आहेत. एखाददोन कॅमेरे, लाउडस्पीकरवरचा निवेदक आणि बाजूला हलगी. निवेदक मल्लाचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या मैदानात कोणाकडून हरला, आत्ता कोणता डाव टाकतोय, सगळं न अडखळता सांगत असतो, आणि ते ऐकायला हजारो लोक रात्री उशिरापर्यंत मोबाइलला चिकटलेले असतात. लोकांना हे नको असतं, असं म्हणणाऱ्या संपादकांनी एकदा त्या चित्रफितींखालचे प्रेक्षकांचे आकडे पाहावेत.